बढतीनंतरचा एक महिना: देवळालीतल्या सिव्हिलियन कामगाराचा पगार कसा ठरतो

देवळाली कॅम्पमधल्या एका लष्करी आस्थापनेत इलेक्ट्रिशियन असलेल्या वाचकांनी विचारलं आहे: "मी हायली स्किल्ड ग्रेड दोन, लेव्हल ४, बेसिक ३१,४००. इन्क्रिमेंट दरवर्षी १ जानेवारीला. २७ ऑक्टोबर २०२५ ला ग्रेड एकवर बढती मिळाली. ऑफिस म्हणतं, बेसिक ३२,९०० होईल. पुण्यातला माझ्याच ट्रेडचा, माझ्याच बेसिकचा मित्र महिन्याला जवळपास सहा हजार जास्त घेतो, ते का? वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून २००४ साली निवृत्त झाले. त्यांचं स्केल ४०००-१००-६००० होतं. ते माझा तक्ता बघून म्हणतात, यात स्केल आहे कुठे? आणि आठव्या वेतन आयोगात पगार तिप्पट होणार हे खरं का?"

नाशिकमध्ये पगारबिलं करण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण त्याची मुदत २७ नोव्हेंबर २०२५ ला संपते. ऑफिसने सांगितलेले ३२,९०० चूक नाहीत, पण तो दोनपैकी एक मार्ग आहे. दुसरा तुमच्यासाठी जास्त फायद्याचा आहे आणि तो आपोआप मिळत नाही. बढतीपासून एक महिन्याच्या आत लेखी ऑप्शन द्यावा लागतो. तो का द्यायचा हे कळायला तुमच्या वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करू.

४०००-१००-६००० वाचायला सोपं होतं. चार हजारांवर सुरुवात, दरवर्षी शंभर रुपये वाढ, सहा हजारांवर कुंपण. पाचव्या आयोगाचं ते स्केल. माणूस सहा हजारांवर पोचला की दरवर्षीची वाढ थांबायची. सहाव्या आयोगाने ही वेगवेगळी स्केलं मोडून मोठे पट्टे केले. तुमच्या वडिलांचं स्केल ५२००-२०२०० च्या पट्ट्यात, २४०० ग्रेड पे घेऊन बसलं. पट्ट्यावरून काहीच कळायचं नाही, माणसाची पायरी ग्रेड पे सांगायचा. सातव्या आयोगाने, म्हणजे न्यायमूर्ती अशोक कुमार माथुर यांच्या आयोगाने, पट्टा आणि ग्रेड पे दोन्ही काढून एक मोठा तक्ता दिला. तो १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात २४०० ग्रेड पेची झाली लेव्हल ४, २८०० ची लेव्हल ५. तेव्हा वडिलांना सांगा, स्केल गेलेलं नाही. त्यांचं ४०००-१००-६००० म्हणजेच तुमची लेव्हल ४, फक्त ते आता आडवं लिहायच्या ऐवजी उभं लिहिलंय.

तक्ता उभा वाचायचा. लेव्हल ४ चा रकाना २५,५०० पासून सुरू होतो: २६,३००, २७,१००, २७,९००, २८,७००, २९,६००, ३०,५००, ३१,४००, ३२,३००, ३३,३०० असं खाली खाली ८१,१०० पर्यंत. प्रत्येक आकड्याला ऑफिसच्या भाषेत सेल म्हणतात, मी घर म्हणतो. वर्षाला एक घर खाली सरकायचं, हेच तुमचं इन्क्रिमेंट. ते मागच्या घराच्या तीन टक्क्यांच्या आसपास येतं, जवळच्या शंभरावर आणलेलं. तुम्ही आठव्या घरात आहात. लेव्हल ५ चा रकाना २९,२०० पासून सुरू होतो: ३०,१००, ३१,०००, ३१,९००, ३२,९००, ३३,९००, ३४,९००. हे दोन रकाने कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्या आणि पुढचं त्यावर बोट ठेवून वाचा.

बढतीचा नियम असा की आधी जुन्या लेव्हलमध्ये एक घर खाली या, मग नव्या लेव्हलमध्ये तेवढ्याच किंवा त्याच्या लगेच वरच्या रकमेच्या घरात जा. तुम्ही ३१,४०० वर आहात. एक घर खाली म्हणजे ३२,३००. लेव्हल ५ मध्ये ३२,३०० नाही, म्हणून ३२,९००. ऑफिसने केलेला हिशेब हाच. बढती २ जुलै ते १ जानेवारी या काळात झाली, म्हणून नवं इन्क्रिमेंट १ जुलै २०२६ ला. तेव्हा ३३,९००.

आता दुसरा मार्ग. तुमचं जुन्या पदावरचं इन्क्रिमेंट १ जानेवारीला, म्हणजे दोन महिन्यांवर होतं. तुम्ही लिहून द्यायचं की माझं फिक्सेशन, म्हणजे वेतननिश्चिती, बढतीच्या तारखेपासून न करता पुढच्या इन्क्रिमेंटच्या तारखेपासून करा. मग ३१ डिसेंबरपर्यंत तुम्हाला लेव्हल ५ मधलं फक्त पुढचं घर मिळतं, ३१,९००. पण १ जानेवारीला जुन्या रकान्यात दोन घरं सरकता, एक वार्षिक आणि एक बढतीचं. ३१,४०० वरून ३२,३००, तिथून ३३,३००. लेव्हल ५ मध्ये त्याच्या वरचं घर ३३,९००. शिवाय अर्थ मंत्रालयाच्या २८ नोव्हेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे, १ जानेवारीला असं फिक्सेशन झालं आणि सहा महिने पात्र सेवा भरली, की पुढचं इन्क्रिमेंट लगेच १ जुलैला मिळतं. त्यानंतर मात्र वर्षानेच.

म्हणजे पहिल्या मार्गाने १ जुलै २०२६ ला ३३,९००, दुसऱ्या मार्गाने ३४,९००. तारीख तीच, घर एकने पुढे, आणि हा फरक या बढतीपुरता संपत नाही. दोन्ही मार्गांनी तुम्ही दरवर्षी १ जुलैलाच सरकणार, त्यामुळे ते एक घर कायम पुढेच राहतं. किंमत काय? २७ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर बेसिक हजाराने कमी. भत्त्यांसह महिन्याला १,७८०, सगळे मिळून सुमारे ३,८५० रुपये. जानेवारीपासून तेच १,७८० दरमहा जास्त येतात, म्हणजे मार्चच्या सुरुवातीलाच भरपाई होते. तुम्हाला नोकरीची निदान पंधरा वर्षं तरी उरली असतील. त्या प्रत्येक वर्षाचा हिशेब करून पाहा.

हे इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. मी एका ऑफिसात असताना एका फिटरची बढती झाली. बढतीच्या आदेशात "एक महिन्यात ऑप्शन द्यावा" हे वाक्यच टाइप करायचं राहिलं. त्याला कोणी सांगितलं नाही. चौथ्या महिन्यात तो पे स्लिपची घडी घालून माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, माझ्यानंतर बढती मिळालेल्याचा बेसिक माझ्या पुढे कसा? मी सर्व्हिस बुक काढलं. लाल शाईत फिक्सेशनची नोंद, खाली सही, शिक्का, सगळं नियमात बसणारं. आम्ही अर्ज वर पाठवला, तो मुदत टळल्याच्या शेऱ्यासह परत आला. बिल माझ्याच हातून गेलं होतं. आदेश हातात आला तेव्हा मी त्याला बोलावून दोन मिनिटं सांगितलं असतं तर पुरलं असतं, ही टोचणी अजून आहे. म्हणून तुमच्या आदेशात ऑप्शनचं वाक्य असो वा नसो, तुम्ही अर्ज द्या.

मात्र अर्जाआधी एक गोष्ट तपासा. तुम्हाला एमएसीपीमध्ये लेव्हल ५ आधीच मिळाली आहे का? एमएसीपी म्हणजे बढती न मिळालेल्याला १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरची लेव्हल. पद तेच राहतं, फक्त रकाना बदलतो. ज्याला एमएसीपीत लेव्हल ५ आधीच मिळाली, त्याला पुढे लेव्हल ५ च्याच पदावर बढती मिळाली तर दुसऱ्यांदा फिक्सेशन होत नाही. तुम्ही लेव्हल ४, बेसिक ३१,४०० असं लिहिलंय, त्यावरून तसं दिसत नाही. तरी पे स्लिपवरची लेव्हल स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

एमएसीपीबद्दल ट्रेडवाल्यांचा राग मला माहीत आहे आणि तो मला रास्त वाटतो. स्किल्ड माणूस लेव्हल २ ला लागतो, बढतीत त्याचं पुढचं पद लेव्हल ४ चं असतं. पण दहा वर्षं जागा रिकामी झाली नाही तर एमएसीपी त्याला तक्त्यातली लगेचची लेव्हल देते, म्हणजे लेव्हल ३. ज्याची बढती अडली त्याला भरपाई म्हणून आणलेली योजना त्याला बढतीपेक्षा कमीच देते. सातव्या आयोगानंतर एमएसीपी मिळायला कामाच्या गोपनीय अहवालातला शेराही "व्हेरी गुड" लागतो, नुसतं "गुड" चालत नाही. म्हणून दरवर्षीचा गोपनीय अहवाल हातात आला की वाचा. आवडला नाही तर मुदतीत लेखी हरकत द्या.

आता पुण्याचा मित्र. बेसिक तोच, डीए म्हणजे महागाई भत्ताही तोच. जुलै २०२५ पासून ५८ टक्के, म्हणजे तुम्हा दोघांनाही ३१,४०० वर १८,२१२. फरक शहराचा. घरभाडे भत्त्यासाठी पुणे आणि मुंबई एक्स वर्गात, नाशिक वाय वर्गात. पाच लाखांवरची पण पन्नास लाखांखालची शहरं वाय. आपल्या जिल्ह्यातलं मालेगावही वायच. डीए पन्नास टक्क्यांना पोचल्यावर, जानेवारी २०२४ पासून, एक्सचा दर ३० टक्के झाला, वायचा २०, बाकीच्या गावांचा १०. म्हणून मित्राला ९,४२०, तुम्हाला ६,२८०. तुम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत असाल तर हा भत्ताच नाही.

दुसरा फरक लोकांच्या लक्षात येत नाही, तो प्रवास भत्त्याचा. त्याची यादी वेगळी आहे. एकोणीस शहरांना जास्त दर, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर. नाशिक नाही. लेव्हल ३ ते ८ ला त्या शहरांत ३,६०० आणि त्यावर डीए, इतरत्र १,८०० आणि त्यावर डीए. मित्राला ५,६८८, तुम्हाला २,८४४. दोन्ही फरक मिळून ५,९८४, तुमचे "जवळपास सहा हजार" अगदी बरोबर. नागपूरचा माणूस घरभाड्यात तुमच्या बरोबरीचा, प्रवासात मात्र पुण्याच्या. नाशिकच्या द्वारका चौकातून देवळाली कॅम्पपर्यंत रोजचा येऊनजाऊन प्रवास आणि नाशिकरोडची कोंडी ज्याने सोसली आहे त्याला हे पटणार नाही, मलाही पटत नाही, पण नियम आज असा आहे.

तुमच्या हाताखाली लेव्हल १ किंवा २ चे मेट, मदतनीस असतील तर त्यांना एक सांगा. त्यांचा प्रवास भत्ता नाशिकला ९०० अधिक डीए आहे, पण बेसिक २४,२०० किंवा त्याहून वर गेला की तो १,८०० अधिक डीए होतो. लेव्हल २ मध्ये २३,८०० वरून २४,५०० च्या घरात गेलेल्या माणसाचा भत्ता त्याच महिन्यात दुप्पट व्हायला हवा. बिल करणाऱ्याच्या नजरेतून हे सुटू शकतं.

डीए सगळ्यांना सारखा असतो, कारण तो नाशिकच्या किंवा पुण्याच्या बाजारावर ठरत नाही. औद्योगिक कामगारांसाठीचा अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक कामगार मंत्रालयाचं लेबर ब्युरो काढतं. देशातल्या ८८ केंद्रांचे भाव त्यात येतात, नाशिकही त्यातलं एक. मागच्या बारा महिन्यांची सरासरी काढून जानेवारी आणि जुलैला दर बदलतो, अपूर्णांक सोडून दिला जातो. घोषणा उशिरा होते, म्हणून थकबाकी मिळते. करोनाच्या काळात जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते गोठवले गेले. १ जुलै २०२१ ला दर १७ वरून एकदम २८ टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. त्या काळात निवृत्त झालेल्यांची हळहळ मी जवळून पाहिली आहे.

नाशिकमध्ये "सरकारी नोकरी" या एका शब्दाखाली वेगवेगळे हिशेब चालतात, आणि घरातल्या तुलनांत त्यामुळे गोंधळ होतो. तुमचे वडील निवृत्त झाले तेव्हा नाशिकरोडच्या दोन्ही प्रेस, नोटांची आणि सिक्युरिटी छपाईची, थेट अर्थ मंत्रालयाखाली होत्या, म्हणून त्यांना वेतन आयोगाचं स्केल होतं. २००६ साली त्यांचं महामंडळ झालं, आता तिथल्या कामगारांचा पगार करारांवर चालतो. ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमान कारखान्यातही वेतन करार, आणि त्यांचा डीए दर तीन महिन्यांनी बदलतो. महसूल खात्यातल्या तलाठ्याला राज्याच्या तक्त्यातली एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१००. तुमच्या लेव्हल ४ शी घर अन् घर जुळणारी, पण राज्याचा डीए राज्य जाहीर करेल तेव्हा. आणि तुमच्याच गेटमधून आत जाणाऱ्या जवानाला ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे आहे. तुम्ही त्याच आस्थापनेत असलात तरी सिव्हिलियन म्हणून तुमचा तक्ता आयकर किंवा पोस्टातल्या माणसाचा आहे. तेव्हा तुलना करायची तर पोस्टातल्या शेजाऱ्याशी करा.

आठवा आयोग. सरकारने २८ ऑक्टोबर २०२५ ला त्याच्या कार्यकक्षेला मंजुरी दिली, अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई, अहवालाला अठरा महिने. तिप्पट होणार म्हणणाऱ्यांना एकच विचारा, कशाच्या तिप्पट? २०१६ साली जुन्या पगाराला गुणायचा २.५७ चा आकडा आठवा. लेव्हल ४ वर नव्याने लागलेल्याचा तेव्हा पट्ट्यातला पगार ७,५१० आणि ग्रेड पे २,४००, मिळून ९,९१०. त्याला २.५७ ने गुणलं की २५,४६९ येतात, पुढचं घर २५,५००. कागदावर अडीच पट. पण त्या दिवशी त्याला १२५ टक्के डीए मिळतच होता, म्हणजे ९,९१० चे २२,२९७ आधीच हातात पडत होते. खरी वाढ साधारण १४ टक्के. २.५७ मधले २.२५ हे जुन्याच पगाराचं नवं नाव होतं आणि तक्ता लागू झाल्यावर डीए शून्यापासून सुरू झाला. जुलै २०२५ पासूनचा डीए ५८ टक्के. म्हणजे पुढच्या कुठल्याही गुणकातले पहिले १.५८ तुमच्या खिशात आहेतच. त्यावर किती मिळतं तेवढीच वाढ. कर्जाचे हप्ते त्या तिप्पटीच्या भरवशावर ठरवू नका.

त्यातून तुमच्या ऑप्शनचं महत्त्व मात्र वाढतं. नवा तक्ता कोणत्या तारखेपासून लागू होईल हे अजून जाहीर व्हायचं आहे. पण मागच्या दोन वेळेसारखी १ जानेवारी धरली गेली, तर त्या दिवशी तुमचा बेसिक ३२,९०० असणं आणि ३३,९०० असणं यातला हजाराचा फरकही नव्या गुणकाने गुणला जाईल.

शेवटी वसुलीबद्दल, कारण फिक्सेशन म्हटलं की ती भीती येतेच. चुकून जास्त घर दिलं गेलं आणि दहा वर्षांनी लेखा विभागाने ते पकडलं, तर निवृत्तीच्या तोंडावर लाखाची वसुली निघते. अशी माणसं मी पाहिली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्याच्या एका खटल्यात १८ डिसेंबर २०१४ ला सांगितलं की गट क आणि ड च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, अशी वसुली करू नये. पाच वर्षांहून अधिक काळ जास्त दिलेल्या रकमेचंही तसंच. केंद्राने त्यावर २ मार्च २०१६ ला आदेश काढला. तरीही पुढचा पगार दुरुस्त होऊन खाली येतोच, आणि ऑफिस ऐकत नसेल तर न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्यापेक्षा चूक पहिल्याच वर्षी सापडलेली बरी. सर्व्हिस बुक बघायचा तुम्हाला हक्क आहे. २०१६ च्या फिक्सेशनचं पान काढून बघा, त्यातला जुना बेसिक अधिक ग्रेड पे गुणिले २.५७ स्वतः करून पाहा, आणि तिथून दरवर्षी एक घर, मधे बढती किंवा एमएसीपी झाली असेल तर तिचाही हिशेब धरून, असं बढतीच्या दिवसापर्यंत मोजत या. ३१,४०० वर येऊन थांबलात तर पाया बरोबर आहे.

अर्ज साधा असू द्या. आपल्या विभागप्रमुखाच्या नावे लिहा: "माझी दिनांक २७ ऑक्टोबर २०२५ रोजी लेव्हल ४ मधून लेव्हल ५ मध्ये बढती झाली आहे. मूलभूत नियम २२(१)(अ)(१) प्रमाणे माझी वेतननिश्चिती माझ्या पुढील वेतनवाढीच्या तारखेपासून, म्हणजे १ जानेवारी २०२६ पासून करावी, असा विकल्प मी देत आहे." बढतीच्या आदेशाची प्रत जोडा. दोन प्रती करा, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. क्लार्क म्हणाला "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो", तर तिथेच थांबा.